मोहोर गळल्यानंतर

माघ-फाल्गुनात डिचोलीहून म्हापशामार्गे पेडण्यास जावे, तर डोंगरउतारांवर काजू फुललेला दिसतो आणि परसातल्या आंब्यांखाली गळलेल्या मोहोराचा सडा पडलेला असतो. धुक्याने मोहोर करपला, वाऱ्याने बाळकैऱ्या झडल्या, म्हणजे घरधनी हळहळतो; परंतु झाडाला कोणी दोष देत नाही. पुढील वर्षी तेच झाड मोहरते आणि त्याच आशेने त्याच्याकडे पाहिले जाते. ही साधी गोष्ट उमजण्यासाठी आम्हांस एका दुःखातून जावे लागले.

आम्हां उभयतांपैकी एकीचे माहेर डिचोली, दुसऱ्याचे घर पेडणे. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या महिन्यात आमचा पहिला गर्भ गेला. तीन महिने कोणास सांगू नये, या रीतीप्रमाणे आम्ही ती वार्ता मनातच ठेवली होती. त्यामुळे आनंद जसा लपविला, तसे दुःखही लपवावे लागले. जेव्हा घरी कळले, तेव्हा सांत्वनाआधी प्रश्न आले. जड घागर उचललीस का? पपई खाल्लीस का? तिन्हीसांजेला बाहेर होतीस का? विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हते, हे आम्ही जाणतो. तथापि प्रत्येक प्रश्नागणिक एक बाई आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहत होती. दुसऱ्याचे मनही स्वस्थ नव्हते. खड्ड्यांच्या रस्त्याने तिला स्कूटरवरून माहेरी नेल्याचे त्याला खुपत होते. कित्येक रात्री आम्ही एकमेकांस न कळू देता तोच हिशेब मांडीत जागे होतो.

पुढे एका डॉक्टरीणबाईंनी तो हिशेब पुसून टाकला. त्यांनी समजाविले की, आरंभीच्या आठवड्यांत जे गर्भ जातात, त्यांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. नित्याच्या घरकामाने वा साध्या प्रवासाने असे होत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, लक्षात आलेल्या दर शंभर गर्भांपैकी सुमारे पंधरा असे जातात. जगभर ही संख्या वर्षाला २ कोटी ३० लाखांच्या घरात जाते. एवढ्या घरांतून हे घडते, आणि प्रत्येक घराला वाटते की, हे आपल्याच वाट्याला आले!

आमच्या पूर्वजांना हे दुःख अपरिचित नव्हते. सुश्रुताने चौथ्या महिन्यापर्यंतचा तो गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्यातला तो गर्भपात, असा भेद केला आहे. कीड, वारा किंवा आघात यांमुळे फळ जसे अकाली गळते, तसाच गर्भही गळतो, असे तो सांगतो. मनुस्मृतीने तर जितक्या महिन्यांचा गर्भ, तितक्या रात्रींचे अशौच सांगितले. त्याकडे आम्ही आता निराळ्या दृष्टीने पाहतो. शास्त्राने ते महिने मोजले. काही घडलेच नाही असे म्हटले नाही. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यानेही गर्भस्रावानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद केली. स्मृतीने रात्री मोजल्या, कायद्याने आठवडे मोजले. आपण मात्र ‘झाले ते झाले, आता विसर’ म्हणून मोकळे होतो.

पुन्हा केव्हा, हा प्रश्न मग उभा राहिला. वर्षभर थांबा, असे वडीलधाऱ्यांचे मत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही २००५ मध्ये निदान सहा महिने थांबण्याचा सल्ला दिला होता. परंतु स्कॉटलंडमधील ३०,००० हून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत पुन्हा दिवस गेलेल्यांचे अधिक बरे निभावल्याचे दिसले. डॉक्टरीणबाईंचे म्हणणे एवढेच की, रक्त, थायरॉइड, साखर तपासून घ्यावी, फॉलिक आम्लाच्या गोळ्या आधीपासूनच सुरू कराव्यात, आणि मग मन तयार होईल तेव्हा पुढे जावे. शरीर लवकर तयार झाले. मनाला मात्र वर्ष लागले.

यंदा पुन्हा दिवस गेले, तेव्हा आनंदाआधी भय आले. पोटात जरा कळ आली की घरातले बोलणे थांबे. घरातील वडीलधाऱ्यांनी सुचविले, देवीला कौल लावू या. आम्ही पेडण्याच्या भगवतीच्या देवळात गेलो. दारातल्या दोन पाषाणी हत्तींमधून आत शिरताना प्रश्न ओठांवर होता. अष्टभुजा देवीसमोर उभे राहिल्यावर मात्र तो विचारवेना. कौल मागावा तो काही ठरवायचे असेल तेव्हा. येथे ठरविण्यासारखे काय उरले होते? पाकळी उजवी पडली असती काय, डावी पडली असती काय, आम्हांस तो जीव तितक्याच मायेने वाढवायचा होता. आम्ही देवीची ओटी भरली, बळ मागितले, आणि परतलो.

त्याच संध्याकाळी, तीन महिने पुरे होण्याची वाट न पाहता, आम्ही घरच्यांना सांगून टाकले. पुन्हा दुःख येणार असेल, तर या वेळी ते एकट्याने सोसायचे नाही, असे आम्ही ठरविले होते. शेजारच्या वृद्ध मावशींनी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “तोरां गळ्ळीं म्हूण झाड सुकना गो बाये.” आणि रात्री त्यांच्याकडून ऊन ऊन पेज आली.

ज्या आठवड्यात पहिल्या वेळी सारे संपले, तो आठवडा या वेळी आला आणि गेला. त्या रात्री आम्ही हर्ष केला नाही. देवापुढे दोन वाती लावल्या. एक पोटातल्यासाठी आणि एक गेलेल्यासाठी. दुसरा आला म्हणून पहिला पुसला जात नाही, आणि पहिल्याची आठवण ठेवली म्हणून दुसऱ्यास अपशकुन होतो, असे आम्ही मानीत नाही.

आता पाचवा महिना चालू आहे. फुलां माळण्याच्या गोष्टी घरात होऊ लागल्या आहेत. पुढे काय होईल, हे देवी जाणे. परंतु वाचकांच्या शेजारी असा प्रसंग आला, तर एवढेच करावे, अशी आमची विनंती आहे: कारण विचारू नये, पेज घेऊन जावे.