कानउघाडणी

मुलगा ऐकत नाहीं, हें वाक्य आपल्या घरांतून दिवसाकांठीं किती वेळां उच्चारलें जातें याची गणती नाहीं. मराठींत त्याचे दोन अर्थ होतात. परंतु आईबापांस काय आणि शिक्षकांस काय, सुचतो तो एकच. या कानानें ऐकून त्या कानानें सोडणें, कानाडोळा करणें, हे आपले वाक्प्रचारहि कानाच्या दोषाचें खापर स्वभावावरच फोडतात.

आमच्या एका स्नेह्यांचा सात वर्षांचा चिरंजीव 'लक्ष देत नाहीं' म्हणून शाळेंत मागील बांकावर बसविला गेला. ज्यास आधींच कमी ऐकूं येत होतें त्यास गुरुजींच्या आवाजापासून आणखी दूर नेण्यांत आलें! त्याचें तोंड सदा उघडें; रात्रीं घोरणें मोठ्या माणसासारखें. पाठीमागून हांक मारली तर ओ देत नाहीं, समोर ओठ हलले कीं देतो, हें ध्यानांत आलें तें आईच्या, गुरुजींच्या नव्हे.

नाकाच्या मागें, पडजिभेच्या वर, जेथें आपली नजर पोंचत नाहीं, तेथें लहानपणीं एक मांसल ग्रंथि असते. कानांतून घशाकडे येणाऱ्या नळीचें तोंड तिच्या शेजारींच. ग्रंथि वाढली कीं नळी कोंडते, कानाच्या पडद्यामागें हवा खेळत नाहीं, तेथें चिकट द्रव सांचतो आणि पडदा नीट कंप पावत नाहीं. बहुधा दुखत कांहींच नाहीं. शिवाय हें बहिरेपण आज कमी, उद्यां सर्दी झाली कीं अधिक. म्हणून ढोंगाचा संशय. 'खाऊचें नांव काढलें कीं बरें ऐकूं येतें!'

कोपनहेगनचे विल्हेल्म मायर यांनीं १८६८ सालीं या विकाराचें सविस्तर वर्णन केलें. त्यास दीडशेंहून अधिक वर्षें झालीं. आम्ही आयुष्यभर शिकवीत आलों. परंतु विद्यार्थ्यास शिक्षा करण्यापूर्वीं त्याचे कान तपासावे, असा नियम कोणत्याहि शाळेंत असल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. कान उपटण्याची चाल मात्र जुनी!

डॉक्टरांनीं तूर्त शस्त्र उचललें नाहीं. पुष्कळ मुलांत हा द्रव तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतो, ग्रंथिहि वयाबरोबर आक्रसते. तसें न झालें तर ती काढतात, किंवा पडद्यांत बारीक नळी बसवितात. तोंवर मुलास पुढें बसवावें, अशी चिठ्ठी आम्हींच शाळेस लिहून दिली. शाळेनें पहिलें बांक दिलें. प्रगतिपुस्तकांतील 'मंद' हा शेरा तसाच ठेवला.