बोट ठेवून वाच

१९७२च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. आई लोह्याजवळच्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. घरात रेशनचा लाल मिलो. त्याची भाकरी थापता थापताच तुटायची. त्या दिवसांत शेजारच्या मावशीनं मला जगवलं. नात्यानं ती आमची कोणी नव्हती. एकटी विधवा बाई, तीही खडीवरच जायची. कामावर मिळालेली सुकडी पदराला बांधून आणायची, हात जोडून प्रभूचे आभार मानायची आणि मग अर्धी माझ्या हातावर ठेवायची. पाच भाकरींची गोष्ट पुढे मी कितीतरी प्रवचनांत ऐकली. येशूनं आधी आभार मानले आणि मग भाकरी मोडली, हे मात्र मला मावशीच्या ओसरीवरच कळलं.

खाऊन झालं की मावशी कापडात बांधलेलं बायबल उघडायची. ते पंडिता रमाबाईंचं भाषांतर. मावशीची आई १९००च्या सुमाराच्या दुष्काळात पोरकी झालेली, रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. रमाबाईंचे स्वतःचे आईवडीलही दुष्काळातच गेले होते. भुकेनं पोळलेल्या या बाईनं शेकडो मुलींना, विधवांना जेवू घातलं आणि त्यांच्या हाती अक्षरंही दिली. साध्या बायकांना कळावं म्हणून त्या हिब्रू, ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत बायबल आणलं. ते छापलंही केडगावच्या बायकांनीच. १९२२मध्ये रमाबाई गेल्या. १९२४मध्ये संपूर्ण बायबल बाहेर आलं. मावशीची आई त्या छापखान्यात खिळे जुळवायची.

“लेकरा, बोट ठिवून वाच,” मावशी म्हणायची. “माह्या मायनं एकेक खिळा बोटानं लावलाय. घाई करू नको.”

शाळेत मागे पडलेला मी असा वाचायला शिकलो. प्रभूचं वचन माझ्यापर्यंत पोचलं ते या मायलेकींच्या हातांनी: एकीनं खिळे लावले, दुसरीनं अर्धी सुकडी दिली. म्हणून प्रार्थनेत प्रभूचं नाव घेतल्यावर मी आधी त्यांची आठवण करतो.

मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. तिचं बायबल माझ्याकडे आहे. दर रविवारी उपासनेनंतर मजुरी करणाऱ्या तिघी बाया ते घेऊन माझ्या ओसरीवर बसतात. गेल्या रविवारी त्यांतल्या एकीनं बोट ठेवून अख्खी ओळ एकटीनं वाचली.