जनाबाईंच्या गावी, पालखीच्या दिवशी

परभणीहून परळीच्या गाडीत बसलं की पोखर्णी नृसिंह मागे पडतं आणि थोड्या वेळाने गोदावरीचा पूल येतो. डब्यातल्या बाया पदर सावरून हात जोडतात. पलीकडच्या काठावर गंगाखेड.

मी गेले ती ज्येष्ठात, शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी येणार होती म्हणून. आधी घाट गाठला. पाऊस अजून लागला नव्हता. पात्र अर्धं उघडं पडलेलं, वाळूउपशाच्या खड्ड्यांत साचलेल्या पाण्यात बगळे उभे. पायऱ्यांवर दशक्रिया चालली होती. ताजं मुंडण केलेला एक पोरगा पिंडापाशी बसून कावळ्याची वाट बघत होता, आणि खालच्याच पायरीवर लवकर पोचलेले वारकरी आंघोळ करून धोतरं पिळत होते. दक्षिण काशी म्हणवणाऱ्या या गावात कुणाला त्याचं नवल वाटत नाही.

तिथून जनाबाईंच्या मंदिरात गेले. त्यांचा जन्म इथला. पण लहानपणीच त्या पंढरपूरला नामदेवांच्या वडिलांच्या, दामाशेटींच्या घरी गेल्या आणि परंपरेप्रमाणे 1350 साली तिथेच त्यांनी देह ठेवला. त्यांचं म्हणून दाखवतात ते जातंसुद्धा पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात आहे. त्यांच्या नावावर जवळपास 340 अभंग. दळण-कांडण, झाडलोट, शेणी वेचणं सगळं त्यांत येतं, आणि ते सगळं पंढरपुरातलं. जन्मगावाच्या वाट्याला काय आलं, हा प्रश्न मला पडला होता.

त्याचं उत्तर पालखी आल्यावर मिळालं. टाळ-मृदंगाचा आवाज आला तशी दारादारांत रांगोळ्या, पाण्याचे माठ, पिठलं-भाकरीच्या टोपल्या आल्या. एका आजींनी माझ्याही हातावर भाकर ठेवली. मी वारकरी नाही म्हणाले, तर म्हणाल्या, "असू दे माय, खा. जनी इथूनच गेली पंढरीला. या वाटेनं जाणारं कुणी उपाशी जाऊ देत नाही आम्ही."

म्हणजे जनाबाईंची खूण गावाने देवळापेक्षा या वाटेवर जपली आहे. ती वाट पुढे परळीकडे, बालाघाटच्या डोंगरांकडे चढत जाते. गंगाखेड बघायचं तर पालखीच्या दिवसांत यावं आणि परतीची गाडी एक दिवस उशिराची धरावी. सकाळी दिंडीबरोबर परळीच्या रस्त्याने दोन कोस तरी चालणं होतं.