मिरच्या वाळवायला जागा

यंदा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आईने पाच किलो मिरची आणायला लावली. तीन किलो बेडगी, दीड किलो संकेश्वरी, अर्धा किलो लवंगी. हे माप माझ्या आजीचं, आमच्या घरात ते कधी बदललं नाही. लालबागला मसाल्याच्या गल्लीत जाऊन आम्ही दोघी मिरच्या, धणे, दगडफूल, नागकेशर असं सगळं घेऊन आलो, आणि बिल्डिंगच्या गेटपाशी मला सुचलं : वाळवायचं कुठे?

डिलाईल रोडला आमची चाळ होती. खोली 180 चौरस फुटांची, पुढे लांबलचक गॅलरी, टोकाला अख्ख्या मजल्यात चार संडास. बाबा गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांतले बाबा पुन्हा साच्यावर उभे राहिलेच नाहीत. त्या मे महिन्यात आईने लोकांचे मसाले करून द्यायला घेतले. मजल्यावरच्या बायकांनी आपापल्या दारापुढची जागा तिला मोकळी करून दिली. सकाळी जुन्या साड्या अंथरायच्या, मिरच्या पसरायच्या, दुपारी परतायच्या, ऊन कललं की गोळा करायच्या. देठ खुडायला शेजारच्या काकू आपणहून बसायच्या. सगळ्या मजल्याला ठसका लागायचा, पण कुणी दार लावून घेतलं नाही. माझ्या शाळेची फी त्या गॅलरीतून निघाली.

पुढे गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या. 1991 च्या नियमात एक तृतीयांश जागा मोकळ्या मैदानांसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी द्यायची होती. 2001 च्या दुरुस्तीत ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, गिरणीच्या बांधकामाखालची जमीन त्यातून सुटली. माझ्या मते आमच्या भागाचं खरं नुकसान तिथे झालं. मॉल आले, ऑफिसं आली, टॉवर आले. जाहिरातींत या भागाला आता ‘अप्पर वरळी’ म्हणतात. डिलाईल रोडला ना. म. जोशींचं, कामगारांच्या पुढाऱ्याचं नाव आहे. ते तरी लिहा, असं मला फार वाटतं.

आमची चाळही गेली. सहा वर्षं ट्रान्झिटमध्ये काढली आणि आठव्या मजल्यावर 300 चौरस फुटांचं घर मिळालं. त्याचा मला आनंद आहे, मनापासून. आईचे गुडघे गेलेत. रात्री तिला गॅलरीच्या टोकापर्यंत जावं लागत नाही, याचं मोल चाळीत राहिलेल्यालाच कळतं. चाळ परत द्या, असं मी कधीच म्हणणार नाही.

पण गच्चीला कुलूप आहे. मी चावी मागायला गेले तर सेक्रेटरींनी नम्रपणे सांगितलं, “ताई, मागच्या वर्षी शेजारच्या टॉवरमधून तक्रार आली होती. खाट सुटते म्हणाले.” खाट सुटतेच, त्यांचं खोटं नाही. पण तीन आठवड्यांचं काम आहे हो.

शेवटी आईने हॉलमध्येच साडी अंथरली. आमच्या खिडकीतून साडेनऊला ऊन येतं आणि साडेअकराला टॉवरच्या आड जातं. तेवढ्यात ती खुर्ची सरकवत, काठीने साडीचं टोक ओढत, उन्हामागून मिरच्या फिरवायची. मूठभर मिरच्या कानाशी नेऊन हलवायची. बिया खुळखुळ वाजल्या की वाळल्या. चाळीत दोन दिवसांत वाजायच्या. इथे नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत आमच्याकडे मसाल्याची चौकशी करायला पाच जणी येऊन गेल्या, आणि पाचही जणींच्या मिरच्या पिशवीतच पडून होत्या.

मग मी अर्ज लिहिला. एप्रिल-मेमध्ये तीन आठवडे गच्ची सकाळी नऊ ते चार उघडावी, झाडलोट आम्ही करू, मिरच्या भाजायच्या नाहीत, भाजणं आणि कुटणं लालबागला डंकावरच होईल. आठव्या मजल्यापासून खाली उतरत सह्या घेतल्या. एकेचाळीस झाल्या. त्यात दोन सह्या नव्याने राहायला आलेल्या भाडेकरू मुलींच्या आहेत. त्यांना लोणच्याच्या फोडी वाळवायच्यात.

रविवारी सभा आहे. आई व्हीलचेअरवरून येणार म्हणते, मांडीवर नव्या मसाल्याची बरणी घेऊन.