कर्ण्याच्या मागच्या बाजूस

सोलापुरातील सात रस्त्यावरच्या संगमेश्वर महाविद्यालयात शिकत असताना मी जी व्याख्याने ऐकली, ती बहुतेक सर्व कर्ण्याच्या मागच्या बाजूस बसून ऐकली. आणि ज्याने कर्णा मागून ऐकला आहे त्यालाच हे ठाऊक असते की, पुढे बसलेल्या श्रोत्यांना जो आवाज मेघगर्जनेसारखा भासतो, तोच मागे एखाद्या आजारी माणसाने उशीत तोंड खुपसून बोलावे तसा येतो. पूर्व भागातील आमच्या गल्लीत अण्णांचे ध्वनिक्षेपक भाड्याने देण्याचे दुकान होते, आणि माझी शिक्षणाची फी ज्या दोन उत्पन्नांतून निघे त्यांपैकी एक अण्णांकडची मजुरी व दुसरे अम्माच्या विड्या हे होते.

आमच्या घरची बोली तेलुगू. वडील गिरणीत साच्यावर होते तोवर आमच्या घरचे घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा होता. वडील गेल्यानंतर भोंगा वाजतच राहिला, परंतु त्याच्याशी आमचा संबंध उरला नाही. मी मराठी शिकलो ती शाळेत, आणि खरे सांगायचे तर शाळेपेक्षा अधिक सभामंडपात.

अण्णा परवान्याविषयी फार दक्ष असत. पोलीस कचेरीतून मिळालेला ध्वनिक्षेपकाचा हुकूम ते सदऱ्याच्या आतल्या खिशात ताइतासारखा बाळगीत, आणि कार्यक्रम कितीही किरकोळ असला तरी तो कागद हाती आल्याखेरीज एकही वायर सोडू देत नसत. याचे कारण त्यांच्या बालपणात होते. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात गोळीबार झाला, १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला, राष्ट्रध्वज हाती धरणे हा गुन्हा ठरला, आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्या काळी अण्णा पाच-सहा वर्षांचे होते. वडीलधाऱ्यांनी दारे लावून घेऊन कुजबुजत बोलायचे, एवढेच त्यांना आठवे. सरकार बदलले तरी चारचौघांत मोठ्याने बोलण्याला कोणाची तरी लेखी परवानगी लागते, ही समजूत त्यांच्या मनातून गेली नाही. १९४१ साली वि. स. खांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सोलापुरात साहित्य संमेलन भरले तेव्हा मंडपात पाणी वाटण्याचे काम त्यांनी केले होते. अध्यक्ष काय बोलले असे विचारले की, "गर्दी फार होती, घागरी पुरल्या नाहीत," एवढाच वृत्तांत मिळे.

त्यांनी मला धंद्याचा एकच नियम शिकविला. "कर्णेवाल्यानं आवाज ऐकावा, भाषण ऐकू नये." जो अर्थाकडे लक्ष देतो त्याचा हात आवाजाच्या खुंटीवरून ढळतो, कर्ण्यातून शिट्टी निघते, आणि दोष वक्त्याला न लागता आपल्याला लागतो, असे त्यांचे म्हणणे होते, व ते अनुभवाने खरेही होते. त्यामुळे मोठमोठ्या वक्त्यांची माझी ओळख त्यांच्या विचारांवरून न होता त्यांच्या आवाजाच्या चढउतारावरून झाली, हे सांगताना मला संकोच वाटतो. फलटणचे प्राचार्य शिवाजीराव भोसले हाती चिठोरेही न घेता बोलत, आणि त्यांचे बोलणे इतके समतोल वाहत असे की, एकदा लावलेली खुंटी शेवटपर्यंत हलवावी लागत नसे; माझ्या दृष्टीने ते आदर्श वक्ते होते! आमच्या महाविद्यालयात मराठी शिकविणारे निर्मलकुमार फडकुले व्यासपीठावर उभे राहिले की मात्र नियम पाळणे कठीण जाई, कारण संतवाङ्मयावर बोलता बोलता ते आवाज असा खाली आणीत की खुंटी वाढवावी की तशीच ठेवावी, याचा निर्णय अर्थ कळल्याशिवाय करताच येत नसे. राजकीय पुढाऱ्यांविषयी मी लिहीत नाही. त्यांच्यासाठी खुंटी कमीच करावी लागे.

आता जी हकीकत सांगावयाची आहे ती १९७३ च्या हिवाळ्यातली. सात रस्त्याजवळच्या एका लहानशा पटांगणात एका मंडळाने व्याख्यान ठेवले होते. विषय लोकहितवादी. दोन कर्णे, एक माइक. वीज जाण्याची शक्यता ध्यानी घेऊन मोटारीची बॅटरी बरोबर न्यावी, असे अण्णांनी बजावून सांगितले होते; परंतु ती जड पेटी सायकलच्या मागे बांधून पूर्व भागापासून सात रस्त्यापर्यंत नेण्याचा मला कंटाळा आला, आणि मी ती दुकानातच ठेवली. हा अपराध सर्वस्वी माझा.

वक्त्यांचा परिचय करून दिला गेला त्या वेळी मी विजेच्या खांबापाशी वायर बांधीत होतो. त्यामुळे वक्ता कोण, कोठला, हे मला कळले नाही. धोतर, तपकिरी कोट, आणि बोलताना चष्मा काढून हातात धरण्याची सवय, एवढेच पाहिले; निवृत्त शिक्षक असावेत.

त्यांनी प्रारंभी सर्वपरिचित माहिती सांगितली: गोपाळ हरी देशमुख यांचा जन्म १८२३ चा, सरकारी नोकरीत असतानाच १८४८ ते १८५० या काळात त्यांनी भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रात लोकहितवादी या नावाने जी पत्रे लिहिली, ती पुढे शतपत्रे म्हणून ओळखली गेली, यद्यपि त्यांची संख्या एकशे आठ आहे. मी हिशेब केला. पहिले पत्र लिहिताना हा मनुष्य पंचवीस वर्षांचा होता, आणि मी एकोणीस. हिशेब केला म्हणजे मी भाषण ऐकू लागलो होतो.

अर्थ न समजता पोथ्या घोकणे म्हणजे विद्या नव्हे, या लोकहितवादींच्या आक्षेपाकडे ते वळले, आणि मग कोणत्याही ग्रंथात नसलेला एक प्रश्न त्यांनी सहज, जणू वाटेत सुचला म्हणून, विचारला. आपल्या गावात घरोघरी सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई पानात तंबाखू भरताना बोलते, पोराला रागावते, चुलीकडे पाहते, आणि तरी पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधून हजाराचा हिशेब अंधारातही चुकवीत नाही. तिला आपण अडाणी म्हणतो, ते कोणत्या आधाराने? आणि जिला हजार मोजता येतात तिला हजार हा आकडा वाचता येऊ नये, याने नेमका कोणाचा फायदा होतो?

याच क्षणी वीज गेली.

मंडप काळोखात बुडाला आणि माझ्या छातीत धस्स झाले. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा कर्णा कोठे होता, असे आज म्हणता येते. त्या वेळी मला केवळ दुकानातली बॅटरी दिसत होती. परंतु वक्ते थांबले नाहीत. ते व्यासपीठावरून उतरले असावेत, कारण आवाज खालून येऊ लागला. मागच्या रांगेतले लोक उठले, चपलांचा सळसळाट झाला, आणि सारी सभा त्या आवाजाभोवती दाटली. सांभाळण्यासारखी खुंटीच न उरल्यामुळे, मीही आयुष्यात प्रथमच कर्ण्यामागून उठून श्रोत्यांत जाऊन बसलो. पुढे ते जे बोलले त्यातले एक वाक्यही मला आज आठवत नाही. अम्माची बोटे मात्र त्या काळोखात मला इतकी स्पष्ट दिसली, जितकी घरच्या कंदिलाच्या उजेडात कधी दिसली नव्हती.

घरी गेलो तेव्हा ती विड्याच वळीत होती. मी तिचे कार्ड मागितले. कारखान्यात माल देताना त्यावर नोंद होते: दिलेली पाने, आणलेल्या विड्या, आणि तपासनिसाने निकृष्ट म्हणून बाजूला काढलेली छाट. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने अशी नोंद मिळण्याचा घरखात्याच्या, म्हणजे घरी बसून विड्या वळणाऱ्या, बाईलाही हक्क होता, हे मला पुढे कळले. त्या रात्री एवढेच कळले की मुकादम तोंडाने छाट चाळीस सांगे आणि कार्डावर साठ, कधी सत्तर लिहिलेली असे. ते कार्ड आमच्या घरात वर्षानुवर्षे देवाच्या फोटोमागे होते, आणि मी, जो लोकांची व्याख्याने गावभर पोचवीत होतो, त्याने ते एकदाही उघडून पाहिले नव्हते.

अम्माला आकडे शिकविणे असे काही करावे लागले नाही. मोजणे तिला येतच होते. कोणत्या संख्येचा कोणता आकार, एवढेच दाखवायचे होते. आठ व नऊ यांच्यात ती काही दिवस गोंधळे. विडीची पाने जमिनीवर मांडून तिने तोही प्रश्न सोडविला.

पंधरवड्याने ती माल देऊन आली, पदर झटकला, पाणी प्यायली आणि मग म्हणाली, "मुकादमानं पंचेचाळीस सांगितली. मी म्हटलं, बाबा, इथं पासष्ट लिहिलंय. तो बघतच राहिला. विचारतो, अम्मा, तुम्हाला कोणी शिकवलं?"

"मग?"

"मी म्हटलं, सात रस्त्याला भाषण झालं." ती स्वतः सात रस्त्याला त्या काळी कधी गेलीच नव्हती. छाट त्या आठवड्यात कमी झाली, पुढे पुन्हा वाढली, पुन्हा भांडण झाले. ते भांडण फार लांबले, आणि त्यात शेजारच्या चार बायकाही आल्या.

भाषण करणाऱ्याचे नाव काय, असे तिने मला दोनतीनदा विचारले. ज्या मंडळाने व्याख्यान ठेवले होते त्यातली मुले तोवर पांगली होती. शेवटी मी अण्णांकडे गेलो. त्यांनी जुनी वही काढली, अंगठ्याला थुंकी लावून पाने उलटली, आणि ती नोंद बोट ठेवून दाखविली. सात रस्ता. कर्णे दोन, माइक एक. बॅटरी नेली नाही. ठरले पंधरा रुपये, जमा दहा, बाकी पाच.