चैत्राची हजेरी

माझ्याकडे एक वही आहे. होळी झाली की ती उघडायची आणि पुण्याच्या वसंतात काय अजून हजर आहे, काय यंदा दिसलं नाही, ते लिहायचं. नोंदी लहान असतात. कधी एक शब्द, कधी नुसती तारीख. त्यातल्या काही इथे उतरवून काढते. क्रम लावलेला नाही. चैत्रही तो लावून येत नाही.

काटेसावर.
माघात पानं टाकते आणि उघड्या फांद्यांवर तळहाताएवढी लाल फुलं घेऊन उभी राहते. फूल मांसल, तळाशी भरपूर मध. सकाळी सात ते नऊ झाडावर बाजार भरतो: मैना, बुलबुल, कावळे, खारी, आणि भोरड्या. भोरड्या म्हणजे गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या मैना. थंडीत आपल्याकडे येतात, एप्रिलमध्ये मध्य आशियाकडे निघून जातात. जाण्याआधी सावरीवर आणि पळसावर पोट भरून घेतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सावर होती. बोंडं फुटली की कापूस दारात येतो, गाड्यांवर बसतो, अशी तक्रार झाली आणि झाड गेलं. पुढच्या वर्षी भोरड्या आल्या. विजेच्या तारांवर बसल्या, थोडा वेळ कलकलल्या, उठून गेल्या. त्या सालाच्या पानावर एवढंच लिहिलं आहे.

पळसाचा रंग.
पुण्यात रंग पंचमीला खेळायचा. धुळवडीला राख आणि माती. होळी ते पंचमी या मधल्या दिवसांत मुलं फुलं गोळा करत, ती पाण्यात रात्रभर भिजत, उकळली तर रंग गडद होई. केशरी, कपड्यावर राहणारा, अंगाला न खाजणारा. आता सुट्टी धुळवडीची म्हणून रंगही धुळवडीला. पंचमी कामाच्या दिवशी येते आणि कुणाला कळतही नाही. मला वाटतं, मधले पाच दिवस गेले तेव्हाच फुलांचा रंगही गेला. विकतच्या पुडीला भिजत ठेवायला वेळ लागत नाही.

पाणपोई.
चैत्र लागला की पाणी वाटायचं, याला धर्मशास्त्रात प्रपादान म्हणतात. व्यवहारात ती एक पत्र्याची टपरी असे: मातीत अर्धे पुरलेले दोन रांजण, त्यांना गुंडाळलेलं ओलं लाल फडकं, पाण्यात वाळ्याची जुडी, लांब दांड्याचं ओगराळं. पाणी ओंजळीत ओतायचे. ओंजळ तोंडाशी धरून पिताना निम्मं कोपरावरून खाली जाई, तेही बरं वाटे. पेठांमधून अशा तीन पाणपोया मला ठाऊक होत्या. एका जागी आता थंड पाण्याचं यंत्र आहे, नळ कोरडा. दुसऱ्या जागी दुचाक्या लागतात. तिसरी अजून चालू आहे. पत्ता लिहीत नाही. तिथला म्हातारा माणूस गर्दीने गांगरेल.

चैत्रगौर.
इथे जरा थांबते.
चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय तृतीयेला उठते. या महिन्यात सवडीने एखादा दिवस धरून हळदीकुंकू. आरास पायऱ्यापायऱ्यांची, वर गौर, खाली घरातलं जे जे सुंदर ते सगळं. कलिंगडाचं कापून केलेलं कमळ. करंज्या, लाडू, शेवटच्या पायरीवर पोरांची लाकडी खेळणी. आलेल्या बाईच्या मनगटाला अत्तर, अंगावर गुलाबपाणी, ओटीत भिजवलेले हरभरे, हातात वाटली डाळ आणि कैरीचं पन्हं. वाटली डाळ प्रत्येक घरची वेगळी. कुणाकडे हरभऱ्याची डाळ भरड, कुणाकडे गंधासारखी, कुणी वरून फोडणी ओतणार, कुणी फोडणीत परतणार. पन्ह्यात गूळ की साखर, यावरून पेठेतल्या बायकांचे खरेखुरे मतभेद झालेले मी ऐकले आहेत. माझ्या आजीचा कौल गुळाला आणि वेलदोड्याला होता, माझाही आहे.
एका संध्याकाळी आम्ही पाच-सहा घरं करायचो. वाड्याच्या एका दारातून आत शिरलं की तीन गौरी पाहून दुसऱ्या दाराने बाहेर. परकराच्या ओच्यात हरभरे इतके जमत की दुसऱ्या दिवशी घराघरांत उसळ.
आणि दारात चैत्रांगण. शेणाने सारवलेल्या चौकोनावर रोज सकाळी काढायचं: मधे गौर पाळण्यात, भोवती शंख, चक्र, गदा, पद्म, सूर्य, चंद्र, कासव, नाग, गोपद्मं, हत्ती, तुळशीवृंदावन, कलश, कंगवा, करंडा. अक्षर न येणाऱ्या बाईला हे सगळं हाताने येत होतं. आजी बोटांच्या चिमटीतून रांगोळी सोडताना एकही रेघ मोडायची नाही. चुकलं तर पुसायची नाही, त्यातूनच दुसरं काही काढायची.
वाडे पडले, इमारती झाल्या, अंगण लिफ्टसमोरची फरशी झाली. छापील चैत्रांगण चिकटवायला मिळतं. मी ते एकदा आणलं आणि लावलं नाही. गौर अजून घरोघर बसते, हळदीकुंकू आता बहुतेक शनिवार-रविवारी होतं, डाळ कुणाकडून तरी मागवलेली असते. बायका येतात, हे मोठं आहे. पण अंगण गेलं ते गेलं, आणि चैत्रांगणाची चिन्हं क्रमाने सांगणाऱ्या बायका मला आता दोनच माहीत आहेत.

फुलराणी.
पेशवे उद्यानातली छोटी आगगाडी. पहिली फेरी ८ एप्रिल १९५६. उद्यानातले प्राणी पुढे कात्रजला गेले. उन्हाळी सुट्टी म्हणजे तिकिटाच्या रांगेत उभं राहणं, हे पुण्यातल्या तीन पिढ्यांना सांगावं लागत नाही.

व्याख्यानमाला.
१८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. एप्रिल-मेमध्ये, ऊन उतरल्यावर, रोज एक वक्ता, रोज एक विषय. दीडशे वर्षं उलटली तरी ती चालू आहे, तेव्हा नाहीशा होणाऱ्यांत तिची नोंद कशाला? नोंद श्रोत्यांची आहे. मी वडिलांबरोबर टिळक स्मारक मंदिरात जात असे तेव्हा मागे उभं राहावं लागे. परवा गेले तर खुर्च्या होत्या आणि माझ्या ओळीत मीच वयाने लहान. विषय पाण्याचा होता, वक्ता तयारीचा होता. एप्रिलची संध्याकाळ त्याला देणारी तरुण माणसं हवी होती.

वाळवणं.
गच्चीवर सोसायटीचं कुलूप. कुरडया, सांडगे, सालपापड्या आता पिशवीतून येतात. राखणीला बसलेल्या पोरांनी ओलसर कुरडई चोरून खाण्याची जागाही त्या कुलपाआड गेली.

जत्रा.
१९९७ पासून टप्प्याटप्प्याने भोवतालची गावं पुणे महापालिकेत आली. गावं शहरात आली, गावचे देव चैत्रातच राहिले. भैरवनाथ, म्हातोबा, मारुती: पालखी, शेरणी, कुस्त्यांचा फड, रात्री तमाशा. शहराच्या कडेच्या हिंजवडीत म्हातोबाचं बगाड चैत्री पौर्णिमेला निघतं आणि वाकडला येतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती, मधून गुलाल आणि ‘म्हातोबाच्या नावानं चांगभलं’. बगाड शाबूत आहे. गेली ती भोवतालची शेतं. पाहुण्यांच्या बैलगाड्या जिथे सुटायच्या आणि तीन दगडांवर मटणाच्या डेगी चढायच्या, ते माळ आता भिंतीआड आहेत. कुस्तीचा फड भरायला तांबडी माती आणि चार गुंठे मोकळी जागा लागते. काही गावांनी फड शाळेच्या मैदानावर नेला, काहींनी बंद केला.
बैलगाडा शर्यत गेली होती ती परत आली: २०१४ ला बंदी, २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाची परवानगी, २०२३ ला शिक्कामोर्तब. परत आलेल्यांत वहीतली ही जवळपास एकटीच.

रानमेवा.
मुळशी-वेल्ह्याकडच्या बायका पाट्या घेऊन मंडईबाहेर, कात्रजला, सिंहगडाच्या पायथ्याशी बसतात. एप्रिलमध्ये तोरणं, मेमध्ये करवंदं, पाठोपाठ जांभळं आणि अळू. करवंद पानाच्या द्रोणात मिळे आणि चिकाने ओठ चिकटत. द्रोण जाऊन प्लास्टिकची पिशवी आली. तोरणं मी तीन वर्षांत एकदाच पाहिली. विकणाऱ्या बाईने सांगितलं, ‘जाळी तोडली ताई, प्लॉट पडलं.’

नदी.
चैत्रात मुठेचं पाणी आटतं आणि पात्रात गवताची बेटं उघडी पडतात. काठाला वाळुंज, करंज, उंबर. वाळुंज हे नदीचंच झाड, पुरात बुडून पुन्हा उभं राहणारं. करंजाची पालवी मार्च-एप्रिलमध्ये इतकी लखलखीत पोपटी असते की पुलावरून जाणारा माणूस क्षणभर पायाखालचं गटार विसरतो. पाणी घाण आहे, हे मी झाकत नाही. पण काठ जिवंत होता. नदीकाठ सुधारणेत भराव आणि बांध आले, झाडं आड आली. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुणेकर त्या झाडांसाठी रस्त्यावर उतरले, ‘चिपको’ म्हणत. मीही होते. भर उन्हात शाळकरी मुलं वाळुंजाच्या खोडाला मिठी मारून उभी होती. त्यातल्या बहुतेकांना त्या झाडाचं नाव त्याच दिवशी कळलं.

टेकडी.
वहीची निम्मी पानं हिच्याकडे आहेत. वेताळ टेकडी, लॉ कॉलेज, चतुःशृंगी, हनुमान, पाचगाव पर्वती, तळजाई, बाणेरची तुकाई. वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. या टेकड्यांचा मूळ वेश उघडा आहे: कातळ, कुसळी गवत, आणि अंतराअंतरावर सालई, गणेर, वारस, शिवण, पांगारा, मेडशिंगी. वसंतात यांतली बहुतेक झाडं पानांवाचून फुलतात, म्हणून फूल लांबून दिसतं. गणेराचं पिवळं फूल कातळावर पडलेलं पाहिलं की मार्च अर्धा झाला असं समजावं.
उघड्या गवताळ माळावर घरटं करणारे पक्षी वेगळे असतात. टिटवी खड्यांमध्ये खड्यांसारखीच अंडी घालते. डोंबारी चंडोलाचा नर सरळ वर चढतो, पंख मिटून शिटी वाजवत खाली कोसळतो, जमिनीला टेकायच्या आत सावरतो आणि पुन्हा वर. नाव ठेवणाऱ्याने नीट पाहून ठेवलं आहे.
टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून तिथे गिरिपुष्प लावलं गेलं. मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड, फांदी खोचली तरी जगणारं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलांनी लदबदतं आणि लोक छायाचित्रं काढायला गर्दी करतात. फुलांवर शिंजीर येतात, माश्या येतात, हे खरं. पण त्याच्या दाटीत गवत तग धरत नाही आणि चंडोलाला माळ लागतो. ज्याला आपण टेकडीवरचा बहर समजतो त्याखाली एक माळ गेलेला असतो. लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता, निवड चुकली. आता गिरिपुष्प विरळ करून जुनी झाडं आणि गवत परत आणायला हवं, आणि ते वीस-तीस वर्षांचं काम आहे.
बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडीच्या उतारावरून नेण्याचा प्रस्ताव अनेक वर्षं डोक्यावर आहे, बोगद्यांचाही आहे. २०२३ च्या त्याच एप्रिलमध्ये लोक टेकडीसाठीही चालले होते. टेकडीवर रोज येणारे निवृत्त शिक्षक, कॉलेजची पोरं, कुत्री घेऊन येणाऱ्या बायका असे सगळे. टेकडी ही या शहरातली अशी जागा आहे जिथे तिकीट नाही, बाकाला देणगीदाराचं नाव लागत नाही, आणि कुणी कुणाला किती वेळ बसणार विचारत नाही. रस्ता झाला तर वाहनांचा वेळ काही मिनिटांनी वाचेल. मी त्या मिनिटांच्या विरोधात आहे.

वाढलेलं.
तेही लिहिते. बहावा रस्तोरस्ती लावला गेला, एप्रिल-मेमध्ये त्याचे पिवळे घोस दिसतात. वेताळ टेकडीवर मोर ऐकू येतो. राखी धनेशाची जोडी दोन वर्षं आमच्या मागच्या वडावर येते आहे.

मेडशिंगी.
शेवटची नोंद. शेंग मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली, म्हणून हे नाव. झाड लहान, खडबडीत, कातळाच्या भेगेतही उभं. फुलं पांढरी, लांब नळीची, मंद वासाची. ती रात्री उमलतात, पतंग येऊन जातात, आणि ऊन चढायच्या आत फुलं खाली पडतात. बागेत कुणी लावत नाही, रोपवाटिकेत सहसा मिळत नाही. माझ्या ओळखीच्या वाटेवर सात झाडं होती. यंदा पाच.
एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी सहाच्या आत घराजवळच्या टेकडीवर जा. झाडाखाली पांढरी फुलं दिसली तर तारीख आणि जागा लिहून ठेवा, आणि पुढच्या वर्षी त्याच दिवशी पुन्हा जा.