हवेची शीव

वैशाखातल्या दुपारी पूर्वेकडे आभाळ काळवंडू लागलं की माझा पाय घरात ठरत नाही. मी गच्चीवर जातो. जूनमधला पाऊस पश्चिमेकडून सह्याद्री ओलांडून येतो. पुण्यातला वळीव मात्र बहुतेकदा हडपसरच्या बाजूनं उठतो. त्याचं येणं बघण्यासारखं सुख दुसरं नाही.

हवा सगळीकडे सारखीच, असं आपण धरून चालतो. पण राजस्थानच्या वाळूवर दिवसच्या दिवस पडून राहिलेली हवा शुष्क होते, बंगालच्या उपसागरावर रेंगाळलेली ओलीनं जड होते. जिथं मुक्काम पडला तिथला गुण अंगात मुरवून ती पुढच्या वाटेला लागते. शेकडो कोस पसरलेल्या अशा हवेला वायुराशी म्हणतात. दोन राशी समोरासमोर आल्या तरी एकमेकींत लगेच मिसळत नाहीत. दोन गावांच्या मध्ये असावी तशी त्यांच्यामध्ये शीव राहते, आणि आभाळातली बरीच उलथापालथ त्या शिवेवरच होते.

आपली उन्हाळी शीव विदर्भाकडून मराठवाडा, कर्नाटक ओलांडत खाली दक्षिणेकडे उतरते. तिच्या पश्चिमेला वायव्येचा कोरडा वारा, पूर्वेला उपसागरावरून आलेला दमट वारा. दोन्हीकडे ऊन सारखंच भाजतं, फरक असतो तो ओलीचा. त्यात तापलेल्या जमिनीनं खालून रेटा दिला की दमट हवा वर उसळते.

चारच्या सुमाराला वारा पडतो. पिंपळाचं पानही हलत नाही. घाम पुसावा तर लगेच पुन्हा फुटतो. लांबवरचा ढग नुसता वाढत असतो, त्याचा पायथा सपाट, जांभळट काळा, माथा उन्हात लखलखणारा. बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर गेल्यावर त्याला वरची वाट बंद होते आणि माथा आडवा पसरतो. मग एकाएकी धूळ उठते. पत्रे खडखडतात, वाळत घातलेली धोतरं-साड्या दोरीला गुंडाळल्या जातात, पाचोळा तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो आणि अंगावर गार झोत येतो. पाऊस अजून लांबच असतो. हा झोत त्या ढगातूनच सुटलेला. पडणारे थेंब वाटेतल्या कोरड्या हवेत विरतात, विरताना तिची ऊब काढून घेतात. गार होऊन जड झालेली हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे धावत सुटते. पारा काही मिनिटांत सात-आठ अंश उतरू शकतो. तो गारवा म्हणजे अंगावरून गेलेली हवेची एक ताजी, चिमुकली शीव. पुढं धावताना ती वाटेतली उष्ण हवा वर उचलते आणि नवे ढग उभे करते.

अशी शीव नकाशावर रेघेनं दाखवायला शिकवलं ते नॉर्वेतल्या बर्गन गावानं. पहिलं महायुद्ध चालू होतं. धान्याची टंचाई होती, ब्रिटनकडून येणाऱ्या हवामानाच्या तारा बंद पडल्या होत्या. शेतकऱ्यांना अंदाज मिळावेत म्हणून विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी 1918 साली निरीक्षणाची ठाणी दाट केली. ठाणी दाट झाली म्हणून त्यांच्या तरुण मुलाला, याकोबला, वादळाच्या पोटातल्या रेषा दिसल्या. उष्ण हवा थंड हवेच्या पाठीवर सावकाश चढते तिथं दिवसभराची रिपरिप. थंड हवा उष्ण हवेखाली घुसून तिला उचलते तिथं थोडा वेळ झोडपणारी सर. 1919 मध्ये त्यानं हे छापलं. त्या शोधाचं मूळ शेतकऱ्याच्या गरजेत आहे, म्हणून तो मला फार जवळचा वाटतो.

कारण शीव इथंही शेतातूनच जाते. हिवाळ्यात पश्चिमी झंझावात हिमालयावर बर्फ टाकून सरकतात आणि त्यांच्यामागून उत्तरेची थंड हवा खाली उतरते. ती निफाडपर्यंत आली की द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात. 2014 च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये उत्तरेची थंड, कोरडी हवा आणि दोन्ही समुद्रांची ओल महाराष्ट्रावर एकमेकींना भिडल्या. काढणीला आलेला गहू, हरभरा, द्राक्षं, डाळिंबं गारांखाली गेली. फांद्यांना नुसते सोललेले देठ उरले. ती गारपीट आठवली की अजून पोटात खड्डा पडतो.

आता आपल्याकडे महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आहेत, ते फार चांगलं झालं. पण एका मंडळात कितीतरी गावं येतात, आणि वळीव ओढ्याच्या अलीकडचं रान भिजवून पलीकडचं कोरडं ठेवतो. गावागणिक एक वारामापक, एक पर्जन्यमापक आणि त्यांचे आकडे रोज चावडीवर वाचता येतील असा एक फळा, एवढं तरी व्हायला हवं.